माझी शिट्टी घाटकोपरला राहिली

मी एक जुना प्रेशर कुकर आहे, मित्रांनो, पण आधीच सांगून टाकतो, माझ्याकडे ही गोष्ट अर्धीच आहे. उरलेली अर्धी माझ्या शिट्टीची. पाच महिने आमची ताटातूट झाली होती, मी विलायतेत आणि ती आधी घाटकोपरला खिळ्यावर, मग वाटेत. तिकडे काय घडले ते तिनेच मला नंतर सांगितले. ती जरा वाढवून सांगते, पण खोटे सांगत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. ॲल्युमिनियमच्या एका गोल पत्र्याला यंत्राने दाबले आणि मी भांडे झालो. मग मला कान बसवले, झाकण दिले, रबराचे कडे घातले आणि सगळ्यात शेवटी डोक्यावर शिट्टी ठेवली. तपासणीच्या माणसाने आम्हा दोघांना एकत्रच वाफेवर धरले आणि एकत्रच पास केले. १९७० साली दिवाळीच्या तोंडावर अंबादास नावाच्या गृहस्थांनी मला घाटकोपर स्टेशनजवळच्या भांड्यांच्या दुकानातून घरी नेले. ते मरोळला, कापडाला रंग द्यायच्या कारखान्यात कामाला होते. त्यांची नखे कायम निळी असत. त्यांनी मला दोन्ही हातांनी उचलले तेव्हा मला वाटले, झाले, आता आपणही निळे होणार.

घर म्हणजे डोंगरउतारावरच्या बैठ्या चाळीतली एक खोली. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, फळीवर बुद्धाची लहानशी मूर्ती, कोपऱ्यात स्टोव्ह. अंबादासांच्या पत्नी कमलबाई यांनी मला पहिल्यांदा स्टोव्हवर चढवले आणि पहिली शिट्टी होताच त्या पदर सावरत थेट बाहेर पळाल्या. त्यांच्यामागून शेजारच्या वनमालाकाकूही पळाल्या, त्यांच्या घरात तर काही शिजतही नव्हते. पंधरा मिनिटे अख्खी ओळ बाहेर उभी राहून दारातून माझ्याकडे बघत होती. एवढा मान मला पुढे कधी मिळाला नाही.

ओळीत दहा खोल्या आणि कुकर मी एकटा. त्यामुळे मला मागायला लोक येऊ लागले. कमलबाईंचे मन मोठे होते, पण मला परत आणायला त्यांना दारोदार फिरावे लागे. मग त्यांनी एक युक्ती काढली. मला त्यांनी दाराशी ठेवले आणि शिट्टी दोऱ्यात ओवून आत तसबिरीच्या बाजूच्या खिळ्याला टांगली. "कुकर कुणीपण न्या," त्या सांगत, "पण शिट्टी माझ्याकडून मागून न्यायची आणि माझ्याच हातात आणून द्यायची." शिट्टी परत आली की कुकर मागोमाग येतोच. रोज सकाळी वनमालाकाकूंची हाक येई, "कमल, शिट्टी दी गो!" काकू मालवणकडच्या, त्यांचे यजमान गिरणीत. त्यांच्याकडची कुळथाची पिठी मी कधी केली नाही, पण भात मात्र शेकडो वेळा शिजवला.

माझे काम संपले की शिट्टी खिळ्यावर जायची. तेरा वर्षांत हा नियम एकदाही मोडला नाही. पुढे सगळा घोटाळा झाला तो याच नियमाने.

या घरात एक मुलगी होती, अनुपमा. सगळे तिला अनू म्हणत. कमलबाई नळावर पाण्याला गेल्या की ओरडून सांगत, "अनू, शिट्ट्या मोज गं!" अनू हो म्हणायची आणि पुस्तकात डोके घालायची. आई परत येऊन विचारी, "किती झाल्या?" अनू मान वर न करता सांगे, "तीन." दर वेळी तीनच. कधी दोन झालेल्या असत आणि डाळ टणटणीत निघे, कधी सहा झालेल्या असत आणि भाताची पेज होई. कमलबाई झाकण उघडून आत बघत आणि म्हणत, "ह्या तुझ्या तीन का?" पण हसूनच.

एकदा अनूने वडिलांचा हात धरून विचारले, "पप्पा, तुमच्या नखांचा रंग धुतल्यावर जात का नाही?"

अंबादास म्हणाले, "मला काय ठाऊक? तू शिक आणि मला सांग."

तिने ते मनावर घेतले. रसायनशास्त्रात ती पहिल्या वर्गात पास होत गेली आणि १९८३ साली तिला सरकारी शिष्यवृत्ती मिळाली. इंग्लंडात लीड्स नावाच्या गावी, रंगांचेच रसायनशास्त्र शिकायला, दोन वर्षे. ओळीतल्या विहारात सगळे जमले, त्रिसरण झाले. अंबादासांचे एक म्हातारे नातेवाईक तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बाबासाहेब ज्या देशात शिकले, त्या देशात आपली पोर चालली." त्या दिवशी अनूचा चेहरा मी पाहिला. आनंद होता, पण त्याखाली भीतीही होती. एवढ्या लोकांचे आशीर्वाद घेऊन गेलेल्या मुलीला परत यायचे तर पास होऊनच यावे लागते.

सामान बांधताना वाद झाला. विमानात वीस किलोच चालत होते. अनू म्हणाली, "आई, कुकर नको गं, जड आहे."

"आम्ही पातेल्यात शिजवू. तुला तिकडे कोण आहे?" कमलबाई म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या पोटात तूरडाळ, शेंगदाण्याची चटणी, कांदा-लसूण मसाला असे सगळे पिशव्या करकरून कोंबले. पोकळी वाया घालवणे त्यांना ठाऊकच नव्हते. झाकण लावले, वरून सुतळी आवळली. वाण्याच्या काट्यावर बॅग बरोबर वीस किलो भरली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शिट्टी तेव्हा कुठे होती? जिथे रोज असायची तिथेच, खिळ्यावर.

तुम्ही विचाराल, मला कळले नाही का? कळले होते. पण कुकरला बोलायचे तर शिट्टीच लागते.

टेम्पो भरून माणसे सहार विमानतळावर आली. कस्टमच्या साहेबाने माझी सुतळी सोडली, मसाला हुंगला, शिंकला आणि बॅग पुढे ढकलली. कमलबाई तोंडात पदर धरून उभ्या होत्या. त्या रात्री घरी जाऊन त्यांनी दिवा लावला आणि तसबिरीशेजारी शिट्टी दिसली. शिट्टी सांगते, की त्या तिला हातात घेऊन म्हणाल्या, "अगं बाई! पोरीला मी मुका कुकर दिला."

इकडे लीड्सला अनूची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. खोलीत नाणे टाकल्याशिवाय न पेटणारी गॅसची शेगडी, एक खाट, एक कपाट. दुसऱ्या दिवशी तिने मला बाहेर काढले आणि शिट्टी शोधू लागली. बॅगेचे अस्तरसुद्धा उलटे केले. मग ती स्वतःशीच म्हणाली, "विमानतळावर त्या साहेबाने उघडलं तेव्हा पडली असणार." आईकडे राहिली असेल हे तिच्या मनातही आले नाही, कारण आईच्या हातून विसरणे होत नसे.

तरी तिने प्रयत्न केला. डाळ-पाणी-हळद घालून झाकण लावले आणि मला तसेच शेगडीवर चढवले. वाफ अडवायला डोक्यावर कुणी नाही म्हटल्यावर मी तरी काय करणार? माझ्या तोंडातून पिवळे कारंजे उडाले आणि घरमालकिणीच्या पांढऱ्या छतावर हळदीचा मोठा डाग पडला. बाई वर आल्या, छताकडे बघून तशाच खाली गेल्या. दुसऱ्या दिवशी दारावर चिठ्ठी लागली, की खोलीत तळण-शिजवण करू नये, आणि करायचेच तर खिडकी उघडी ठेवावी. अनूने ती तीनदा वाचली. त्याच संध्याकाळी मी कपाटाच्या वर गेलो आणि डाळीची पिशवी कपाटाच्या आत.

मग तिचे दिवस मी वरून बघितले. सकाळी दोन स्वेटर आणि वर कोट घालून ती निघे. दुपारी चारला अंधार पडे. संध्याकाळी ती थंड पाव आणि डब्यातला गोडसर राजमा खाई, तोही कधी अर्धाच. वर्गातल्या प्राध्यापकांचे बोलणे तिला कळत नसे. मुंबईत ती जे इंग्रजी शिकली होती ते पुस्तकातले होते आणि हे लोक अर्धे शब्द घशातच ठेवत. न कळलेले शब्द ती कानाला लागतील तसे देवनागरीत लिहून आणी आणि शब्दकोशात शोधत बसे. हात गारठले की ते काखेत धरून वाची. सुट्टीच्या दिवशी तिच्याशी बोलायला कुणी नसे, म्हणून ती माझ्याशी बोले. "काय रे," ती म्हणे, "तू पण गप्प, मी पण गप्प."

घरून आलेली पत्रे ती माझ्या पोटात ठेवी. मला वाईट वाटले नाही. रिकाम्या भांड्याला तेवढेच काम.

दर रविवारी ती निळ्या हवाईपत्रावर घरी लिही आणि लिहिताना हळू आवाजात वाची, म्हणून मला सगळे पाठ आहे. पहिल्याच पत्रात तिने लिहिले, "आई, काळजी करू नकोस. कुकर रोज लावते. तीन शिट्ट्यांत डाळ अगदी मऊ होते. अभ्यास छान चालला आहे." ते ऐकून मला माझ्याच झाकणाची लाज वाटली. पण तिचाही इलाज नव्हता. शिट्टी हरवली म्हणावे, तर आईच्या जिवाला घोर. आणि एकदा तीन शिट्ट्या लिहून बसल्यावर नवी शिट्टी मागायची तरी कशी? दुसऱ्या पत्रातही तीन, तिसऱ्याही पत्रात तीन.

आता शिट्टीची बाजू ऐका.

पहिले पत्र पोचले तेव्हा सगळी ओळ कमलबाईंच्या दारात बसली होती. कमलबाईंना वाचता येत नसे. अंबादास मोठ्याने वाचत होते. "कुकर रोज लावते, तीन शिट्ट्यांत..." इथवर आले आणि थांबले. सगळ्यांच्या नजरा खिळ्याकडे वळल्या. ती शिट्टी कोणाला ठाऊक नव्हती? त्यांतल्या प्रत्येकाने ती शंभर वेळा मागून नेली होती. वनमालाकाकूंना हसू फुटले आणि अर्ध्यातच विरले.

"वाचा पुढे," कमलबाई म्हणाल्या.

पत्र संपले, लोक उठून गेले. अंबादास म्हणाले, "पोरगी आपल्याला वाईट वाटू नये म्हणून लिहितेय."

"ते कळतं मला. पण जी शिट्ट्यांचं खोटं लिहिते, तिने अभ्यासाचं तरी खरं कशाला लिहिलं असेल? उपाशी असणार ती. आणि वर्गातपण अडकली असणार."

"मग लिहू का तसं? शिट्टी इथेच आहे म्हणून?"

"नको. लिहिलंत तर तिला तोंड लपवायला जागा उरणार नाही. आधी शिट्टी पोचली पाहिजे."

पार्सलाने धाडायला त्या तयार नव्हत्या. दुकानातून नवी आणून धाडायलाही नाही. "याला हीच बसते," एवढेच म्हणाल्या. मग वनमालाकाकूंनी आपल्या भावाचे नाव काढले. लवू बोटीवर भांडारी होता, खलाशांचा स्वयंपाक करायचा, आणि नोव्हेंबरअखेर त्याची बोट लांबचा वळसा घेत लिव्हरपूलला जाणार होती. कमलबाईंनी जुन्या हिरव्या लुगड्याची पट्टी फाडली, शिट्टी तिच्यात गाठ मारून बांधली आणि लवूच्या हातात दिली. अंबादासांनी पत्ता मोठ्या अक्षरांत लिहून दिला. शिट्टी म्हणते, की त्याच्या कोटाच्या खिशात विडीचा वास असह्य होता.

इकडे जानेवारीत परीक्षा झाली आणि दोन विषयांत अनू नापास झाली. निकालाचा कागद घेऊन ती बराच वेळ खाटेवर बसली होती, कोटही न काढता. त्यानंतर आठवडाभर तिने देवनागरीत एकही शब्द लिहून आणला नाही. फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी तिने इंग्रजीत एक पत्र लिहिले. मला हा अभ्यासक्रम पुढे चालवणे शक्य नाही, मला परत जाऊ द्यावे, असे त्यात होते. सही केली, घडी घातली आणि सोमवारी टाकायचे म्हणून माझ्या पोटात, घरच्या पत्रांवर ठेवले. मित्रांनो, मी तेव्हापर्यंत खूप काही पोटात घेतले होते. एवढे जड कधी घेतले नव्हते.

शनिवारी दुपारी खालची घंटा वाजली. दारात लोकरी टोपी घातलेला, नाकाचा शेंडा लाल झालेला एक माणूस हातात कागद धरून उभा होता. अनू त्याला घेऊन जिन्याने वर आली तेव्हा तिचा आवाजच बदललेला होता.

"वळाखलंस मां माका?" तो म्हणत होता. "वनमालाचो भाव, लवू. बोटीवरचो."

"लवूमामा, तुम्ही इकडे कसे?"

"तुझ्या आवशीन कामाक लावल्यान. ही घे. दोन म्हयने खिशात घेवन फिरतंय."

अनूने गाठ सोडली. हिरव्या पट्टीत शिट्टी होती. ती बघतच राहिली. मग खाली बसली आणि म्हणाली, "म्हणजे ही आईकडेच होती? आणि मी तिला दर पत्रात..." लवूमामांनी टोपी काढून हातात घेतली.

"आई काय म्हणाली?" तिने विचारले.

"रागावली नाय. म्हणाली, शिट्टी दी आणि तिच्या हातचा जेवण जेवन ये. आणि शिट्ट्यो तू मोज. तिका मोजूक देव नको, ती तीन सांगता."

अनू हसली की रडली हे मला वरून नीट दिसले नाही. दोन्ही असावे. तिने मला खाली काढले, पोटातली पत्रे टेबलावर ठेवली, पाच महिने पडून असलेली डाळ धुतली. खिडकी सताड उघडली. आणि मित्रांनो, माझ्या डोक्यावर माझी शिट्टी बसली. ती थंडगार होती आणि विडीचा वास मारत होती, तरी मला त्या क्षणी दुसरे काही नको होते.

पहिली शिट्टी झाली तशा घरमालकीणबाई धावत वर आल्या. दारात थांबून त्यांनी पाहिले, तर एक परका माणूस शेगडीसमोर उकिडवा बसून एक बोट वर करून होता. "दोन," लवूमामा म्हणाले आणि दुसरे बोट वर केले. बाईही तिथेच उभ्या राहिल्या. "तीन."

अनू शेगडी बंद करायला उठली.

"थांब," लवूमामा म्हणाले. "मी बोटीवर पंचवीस माणसांक जेवूक घालतंय. डाळ जुनी, जाळ मंद. तिनात शिजाची नाय."

चार झाल्या. पाच झाल्या. मग त्यांनी पंजा पुरा उघडून दाखवला आणि बंद करायला सांगितले. अनूने मला उचलले. टेबलाला चटका बसू नये म्हणून घरी ती खाली कागद ठेवत असे, तसाच समोरचा एक घडीचा कागद तिने ओढला आणि मला त्यावर ठेवले. ते तिचे परत जाण्याचे पत्र होते. मुद्दाम ठेवले की सवयीने, हे मला आजतागायत कळलेले नाही. पण मी माझे बूड त्यावर घट्ट टेकवले. जेवणे उरकून तिने मला उचलले तेव्हा कागदावर काळे गोल कडे उमटले होते आणि सही ओली होऊन पसरली होती. माझ्या आयुष्यात मी बढाई मारावी असे एवढे एकच काम केले.

डाळ मेणासारखी मऊ झाली होती. अनू तीन वेळा डाळ वाढून घेऊन जेवली. लवूमामा फारसे जेवले नाहीत, ती जेवते ते बघत बसले. एक वाटी घरमालकीणबाईंनाही दिली. त्यांनी चव घेतली, छताच्या पिवळ्या डागाकडे पाहिले आणि म्हणाल्या, "अच्छा, म्हणजे ते हे होतं!"

दुसऱ्या दिवशी रविवार होता. अनूने घरी पत्र लिहिले आणि ते दोन हवाईपत्रांवरही मावले नाही. थंडी, छतावरचा डाग, दोन नापास विषय, सगळे लिहिले. शेवटी लिहिले, "आई, इथे तीन शिट्ट्यांत होत नाही. पाच लागतात. मी पाच घेऊन बघते." ओळीत ते पत्र वाचले गेले तेव्हा कमलबाईंनी अंबादासांना शेवटची ओळ दोनदा वाचायला लावली म्हणे. सोमवारी अनू प्राध्यापकांना जाऊन भेटली आणि त्यांचे बोलणे आपल्याला कळत नाही हे तिने पहिल्यांदाच कबूल केले. ते तिच्यासाठी सावकाश बोलू लागले. उन्हाळ्यात ती दोन्ही विषयांत सुटली. १९८५ साली आम्ही तिघे घाटकोपरला परतलो, अनू, मी आणि शिट्टी. विमानतळावर तिने वडिलांची नखे हातात घेतली आणि तिथेच, टेम्पोत बसायच्या आत, तो निळा रंग का जात नाही ते त्यांना समजावून सांगितले. अंबादास ऐकत होते आणि डोळे पुसत होते. त्यांना किती समजले ते कुणी विचारले नाही.

त्यानंतर माझे दिवस उतरणीला लागले. अनूला नोकरी लागली, घरात गॅस आला आणि पाठोपाठ स्टीलचा चकचकीत कुकर. ओळीतल्या घरोघरी कुकर झाले. आता मला मागायला कुणी येईना. मी माळ्यावर गेलो आणि माझ्या पोटात जुने खिळे आणि मोडके कुलूप ठेवले गेले. शिट्टी मात्र खिळ्यावरच राहिली. वाईट वाटायचे, पण खाली सगळ्यांच्या घरी शिट्ट्या होताना ऐकू आल्या की बरेही वाटायचे. एकदा भंगारवाला मला हातात धरून तोलत होता, तेव्हा कमलबाईंनी त्याच्या हातातून मला काढून घेतले आणि परत माळ्यावर ठेवले.

आणि आज, १९८९ सालच्या जून महिन्यात, मी पुन्हा घासूनपुसून लख्ख झालो आहे. वनमालाकाकूंची धाकटी मुलगी शेवंती उद्या सकाळी नर्सिंग शिकायला मिरजेला निघाली आहे. मला नवे रबर बसवले आहे. माझ्या पोटात पुन्हा डाळ आहे, आणि या वेळी कुळथाचे पीठही.

मित्रांनो, माझ्यासारख्यांची काळजी घ्या. रबर वाळवून ठेवा, शिट्टीचे छिद्र सुईने साफ करा, रिकामा असताना आम्हाला जाळावर ठेवू नका. एवढे केलेत तर आम्ही पिढ्यान्‌पिढ्या साथ देतो. आणि घरातले कुणी लांब जायला निघाले, तर त्याच्या सामानात काय काय आहे ते बघता, तसे काय राहिले तेही एकदा बघा. बाकीचे मी कशाला सांगू? ते मघाशी कमलबाईंनी सांगितले.

त्यांनी खिळ्यावरून शिट्टी काढली. तीच ती हिरवी पट्टी अजून त्यांनी जपून ठेवली होती. तिने त्यांनी शिट्टी माझ्या कानाला बांधली, एक गाठ, दुसरी गाठ, वर तिसरी. ओढून बघितली. मग शेवंतीचा हात धरून माझ्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "रोज जेव. आणि घरी लिहिताना आईला बरं वाटावं म्हणून तीन लिहू नकोस गं. पाच लागल्या तर पाच लिही."